फ्रिडा काहलो : वेदना, व्यसन आणि आपली करुणा

फ्रिडा काहलो या मेक्सिकन चित्रकर्तीचा चेहरा आता जगाच्या परिचयाचा झाला आहे. जुळलेल्या भुवया, केसांत माळलेली मोठी फुले, गळ्यात दगडी मण्यांच्या माळा. हा चेहरा मुंबई-पुण्यातल्या तरुण मुलींच्या पिशव्यांवर आणि टी-शर्टवरही दिसतो. २०२१ साली न्यूयॉर्कच्या लिलावात तिचे एक आत्मचित्र ३ कोटी ४० लाखांहून अधिक डॉलरला विकले गेले. बाजाराने तिचा चेहरा उचलला आणि शरीर मात्र झाकून ठेवले. त्या शरीराने २९ वर्षे एका दिवसाचीही सुट्टी न घेता वेदना सोसली. त्या वेदनेवर आधी दारूचा आणि नंतर मॉर्फिनचा उतारा शोधला आणि शेवटी त्या उताऱ्याच्याच तावडीत ते सापडले. फुले-आंबेडकरी चळवळीच्या वाचकांनी फ्रिडाचे आयुष्य समजून घ्यायचे ते यासाठी. कारण दुखणारे शरीर, त्यावरची गोळी किंवा बाटली आणि त्यातून येणारा एकटेपणा ही गोष्ट आपल्या वस्त्यांतही आहे. फक्त आपण तिच्याविषयी बोलत नाही.

फ्रिडाचा जन्म ६ जुलै १९०७ रोजी मेक्सिको शहराच्या कोयोआकान भागात झाला. वडील गिलेर्मो काहलो जर्मनीतून आलेले छायाचित्रकार होते. त्यांना फिट्सचा आजार होता. आई मातिल्दे काल्देरोन हिच्या वडिलांकडून मेक्सिकोच्या मूलनिवासींचा वारसा आला होता. फ्रिडा पुढे आपले जन्मवर्ष १९१० सांगत असे, कारण त्या वर्षी मेक्सिकन क्रांती सुरू झाली. शेकडो वर्षे युरोपियन जमीनदारांनी आणि चर्चने दाबून ठेवलेला मूलनिवासी शेतकरी त्या क्रांतीत उभा राहिला होता. आपला जन्म त्या क्रांतीबरोबर झाला असे तिला वाटायचे.

वयाच्या सहाव्या वर्षी तिला पोलिओ झाला. कित्येक महिने ती अंथरुणाला खिळली. उजवा पाय बारीक राहिला तो कायमचा. शाळेतली मुले लाकडी पायाची म्हणून चिडवत. वडिलांनी मात्र त्या काळात मुलींना कुणी खेळू देत नसे असे खेळ तिला खेळायला लावले. फुटबॉल, पोहणे, कुस्तीसुद्धा. दुर्बल अवयव लपवायचा नाही, त्याला कामाला लावायचे, हा पहिला धडा तिला घरातच मिळाला. १९२२ साली ती राष्ट्रीय प्रिपरेटरी शाळेत दाखल झाली. तिथे सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांत मुली अवघ्या ३५ होत्या. तिला डॉक्टर व्हायचे होते.

१७ सप्टेंबर १९२५ रोजी शाळेतून घरी जाताना तिच्या बसला ट्रामने धडक दिली. बसमधला लोखंडी दांडा तिच्या ओटीपोटातून आरपार गेला. पाठीचा कणा तीन ठिकाणी मोडला. गळ्याचे हाड, बरगड्या, कटीचे हाड मोडले. पोलिओने आधीच अशक्त झालेल्या उजव्या पायाला अकरा ठिकाणी फ्रॅक्चर झाले आणि पाऊल चिरडले. ती वाचेल असे डॉक्टरांना वाटत नव्हते. महिनाभर रेडक्रॉसच्या दवाखान्यात आणि नंतर कित्येक महिने घरी, प्लास्टरमध्ये जखडलेली, अशी ती पडून राहिली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. डॉक्टर होण्याचे स्वप्न तिथेच संपले.

आईने सुताराकडून झोपून चित्र काढता येईल असा इझल करून घेतला. पलंगाच्या छताला आरसा लावला. समोर दिसणारे माणूस एकच होते, ते म्हणजे ती स्वतः. म्हणून तिने स्वतःला रंगवायला सुरुवात केली. पुढे तिने जी दीडशेच्या आसपास चित्रे काढली, त्यांत एक तृतीयांशाहून अधिक आत्मचित्रे आहेत. त्यामागे आत्मप्रौढी शोधणाऱ्यांनी हा पलंग आणि हा आरसा आठवावा. जे शरीर तिला सोडून जात नव्हते, त्या शरीराची ती नोंद ठेवत होती.

ती कम्युनिस्ट पक्षात आली आणि २१ ऑगस्ट १९२९ रोजी तिने दिएगो रिवेराशी लग्न केले. दिएगो तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, मेक्सिकोतला सर्वांत नावाजलेला भित्तिचित्रकार. शेतकरी, कामगार आणि मूलनिवासी यांना त्याने सरकारी इमारतींच्या भिंतींवर सन्मानाने बसवले. परंतु घरात तो बेफिकीर पुरुषच होता. दोघे अमेरिकेत गेले. सॅन फ्रान्सिस्कोत फ्रिडाला डॉ. लिओ एलोसर भेटले. हे डॉक्टर आयुष्यभर तिचे मित्र राहिले. १९३२ च्या जुलैत डेट्रॉइटला तिचा गर्भपात झाला. मोडलेल्या कटीमुळे मूल होणे जवळपास अशक्य होते. दवाखान्याच्या खाटेवरून तिने गर्भाची चित्रे असलेली वैद्यकीय पुस्तके मागितली. डॉक्टरांनी नकार दिला, तेव्हा दिएगोने ती आणून दिली. त्याच वर्षी तिने हेन्री फोर्ड हॉस्पिटल हे चित्र काढले. रक्ताळलेल्या खाटेवर एकटी पडलेली बाई चित्रकलेच्या इतिहासात इतक्या उघडपणे यापूर्वी कुणी मांडली नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरात तिची आई गेली.

पुढचा घाव घरातूनच आला. १९३४-३५ च्या सुमारास दिएगोने फ्रिडाच्या धाकट्या बहिणीशी, क्रिस्तिनाशी संबंध ठेवले. फ्रिडा वेगळी राहू लागली. तिचे पिणे याच काळात वाढत गेले. १९३९ च्या नोव्हेंबरात दोघांचा घटस्फोट झाला, तेव्हा पाठीचे दुखणे पराकोटीला गेले होते आणि ब्रँडीचे प्रमाणही. शरीराची वेदना आणि मनाची वेदना वेगवेगळ्या खोल्यांत राहत नाहीत. मन खचले की पाठ जास्त दुखते, पाठ दुखली की झोप जाते, झोप गेली की मन आणखी खचते. या चक्रात जो अडकतो त्याला बाटली औषधासारखी वाटते, कारण सुरुवातीला ती खरोखरच दोन तास आराम देते. तिचे कर्ज मात्र दुसऱ्या दिवशी व्याजासह फेडावे लागते.

१९४० साली तिने सॅन फ्रान्सिस्को गाठले. डॉ. एलोसर यांनी नवी शस्त्रक्रिया सुचवली नाही. त्यांनी विश्रांती सांगितली आणि दारू बंद करायला सांगितली. तिला बरे वाटले. तिच्या आयुष्यातल्या सगळ्या उपचारांत हा सर्वांत साधा उपचार होता आणि तोच तिला मानवला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ८ डिसेंबर १९४० रोजी तिने दिएगोशी पुन्हा लग्न केले.

फ्रिडाच्या पोशाखाविषयी इथेच सांगितले पाहिजे. ती तेहुआंतेपेक भागातल्या मूलनिवासी स्त्रियांचा घेरदार लांब झगा आणि भरतकाम केलेली चोळी घालत असे. त्या घेराखाली बारीक पाय झाकला जाई, हे खरे. पण मेक्सिकोतले उच्चभ्रू पॅरिसच्या फॅशनची नक्कल करत असताना तिने ज्यांना गावंढळ म्हणून हिणवले जाई त्या बायांचा पोशाख अंगावर घेतला आणि त्यातच न्यूयॉर्क-पॅरिसला गेली. बाबासाहेबांनी सूट घातला, कारण मनुस्मृतीने आपल्या वाट्याला प्रेतावरची वस्त्रे लिहून ठेवली होती. १९२७ साली महाडला त्यांनी आपल्या आयाबायांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितली, तेही याच कारणाने. दिशा वेगळ्या असल्या तरी दोन्हीकडे कपडा हा स्वाभिमानाचा जाहीरनामा होता.

१९४३ पासून फ्रिडा ला एस्मेराल्दा या कलाशाळेत शिकवू लागली. प्रवास झेपेना, तेव्हा मुलांना घरी बोलावून तिने शिकवणे चालू ठेवले. १९४४ साली तिच्या पाठीला पोलादी कॉर्सेट लावला गेला. त्याच वर्षीचे मोडलेला स्तंभ हे तिचे चित्र. छातीपासून कंबरेपर्यंत दुभंगलेले शरीर, आत मणक्याच्या जागी तडकलेला दगडी खांब, अंगभर टोचलेले खिळे आणि डोळ्यांत अश्रू. चेहरा मात्र सरळ आपल्याकडे पाहतो. त्या नजरेत दयेची याचना नाही. वेदनेचे असे निवेदन करायला धैर्य लागते.

१९४६ साली न्यूयॉर्कमध्ये तिच्या मणक्यांवर मोठी शस्त्रक्रिया झाली. कटीचे हाड काढून ते मणके जोडण्यासाठी वापरले आणि पाठीत धातूची पट्टी बसवली. तिने या शस्त्रक्रियेवर फार मोठी आशा ठेवली होती. तो उपाय फसला. शस्त्रक्रियेनंतरच्या असह्य वेदनेवर तिला मॉर्फिनचे मोठे डोस दिले गेले आणि त्या औषधाची गरज पुढे कधी सुटली नाही. इथे थांबून विचार केला पाहिजे. हे व्यसन चैनीतून आले नाही. ते डॉक्टरांच्या सुईतून आले. औषध देताना ते कधी आणि कसे कमी करायचे, त्या काळात रुग्णाच्या मनाला आधार कुणी द्यायचा, याची व्यवस्था कुणाकडेच नव्हती.

१९५० साली ती नऊ महिने मेक्सिको शहरातल्या इस्पितळात होती. हाड कलम केले, त्यात जंतुसंसर्ग झाला, पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या. आयुष्यभरात तिच्यावर तीसच्या वर शस्त्रक्रिया झाल्या. बरे वाटले त्या दिवसांत ती खाटेवरच रंगवत असे. १९५१ साली तिने आपले डॉक्टर हुआन फारील यांच्या चित्रासह स्वतःचे चित्र काढले आणि त्यात रंगांच्या पाटीऐवजी हातात स्वतःचे हृदय दाखवले. यानंतर मात्र वेदनाशामके आणि दारू यांनी तिच्या हातावरच हल्ला केला. पूर्वी केसाएवढी रेघ अचूक मारणारा हात थरथरू लागला, रंग जाड आणि घाईचे झाले. वेदनेच्या विरोधात तिच्याकडे असलेले सर्वांत मोठे हत्यार व्यसनाने तिच्याकडून काढून घेतले.

एप्रिल १९५३ मध्ये तिच्या मायदेशातले तिचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. डॉक्टरांनी उठायला मनाई केली होती. तिने आपला पलंग आधी दालनात पाठवला आणि रुग्णवाहिकेतून येऊन त्या पलंगावरूनच पाहुण्यांचे स्वागत केले. ऑगस्टमध्ये गँगरीनमुळे तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. यानंतर तिचे मन कोसळले. जगणे संपवण्याचे विचार आणि प्रयत्न झाले. तिच्या रोजनिशीची पाने याची साक्ष देतात.

शेवटच्या वर्षांत ती स्टॅलिनच्या भक्तीकडे वळली. मार्क्सवाद आजाऱ्यांना आरोग्य देईल अशा अर्थाचे नाव असलेले चित्र तिने १९५४ साली काढले. त्यात ती कुबड्या टाकून देते आहे आणि मार्क्सचे हात तिला सावरत आहेत. चर्चमध्ये नवस फेडण्यासाठी लावतात तशाच धाटणीचे हे चित्र आहे. देव गेला आणि त्या जागी नेता आला. बाबासाहेबांनी मार्क्सचा अभ्यास करून जे आक्षेप घेतले आणि १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची जी तुलना मांडली, ती वाचलेल्या माणसाला हे चित्र पाहून वाईट वाटते. कोणतीही विचारसरणी चमत्कार करून कुबड्या काढून टाकत नाही. नवऱ्याने, शस्त्रक्रियेने, मॉर्फिनने आणि मग पोथीने आपल्याला वाचवावे, अशी वाट फ्रिडा पाहत राहिली. दुःख आहे हे तिला पुरेपूर कळले होते. त्या दुःखातून चालत जाण्याची वाट तिला कुणी दाखवली नाही.

तरीही २ जुलै १९५४ रोजी, न्यूमोनियातून अजून उठायची असताना, ती चाकांच्या खुर्चीत बसून मोर्चात गेली. ग्वाटेमालातले लोकनियुक्त सरकार अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने उलथवले होते, त्याच्या निषेधाचा तो मोर्चा होता. अकरा दिवसांनी, १३ जुलै १९५४ रोजी ती गेली. वय ४७. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली असे कारण नोंदले गेले. शवविच्छेदन झाले नाही, त्यामुळे औषधाचा डोस जास्त झाला असावा हा संशय कायम राहिला.

आता आपल्याकडे वळू. पंचशीलातले पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. महाडला त्यांनी बायांना सांगितले होते की नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. यात तसूभरही तडजोड नको. दारूने आपली कितीतरी घरे धुऊन नेली आहेत आणि आडव्या बाटलीसाठी मतदान करणाऱ्या महाराष्ट्रातल्या बायांना हे कुणी शिकवायची गरज नाही. फ्रिडाच्या हातातल्या ग्लासाचे जे कौतुक फॅशनचे जग करते, त्यात आपण सामील होता कामा नये. त्या ग्लासाने तिला चित्रे दिली नाहीत, ती हिरावून नेली.

पण त्याच तथागतांच्या विनयपिटकात एक प्रसंग आहे. पिलिंदवच्छ नावाच्या भिक्खूला वाताचा आजार होता. वैद्यांनी औषधी तेलात मद्य घालायला सांगितले. तथागतांनी परवानगी दिली. पुढे काही भिक्खूंनी त्या तेलात भरमसाट मद्य घातले आणि त्यांना नशा चढली. तेव्हा नियम झाला की मद्याचा रंग, वास, चव येणार नाही इतकेच ते असावे आणि जास्त घातलेले तेल प्यायचे नाही, अंगाला चोळायचे. पाचवे शील देणाऱ्या शास्त्याला औषध आणि नशा यांतला फरक अडीच हजार वर्षांपूर्वी कळत होता. औषधाची नशा कशी होते हेही कळत होते. त्यांनी औषध बंद केले नाही, मात्रा ठरवून दिली. विनयातच दुसरा प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या एका भिक्खूकडे संघातले कुणी बघत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, खाटेवर निजवले आणि संघाला शुश्रूषेचे कर्तव्य सांगितले. शील आणि करुणा हे दोन्ही आपल्याला एकाच हातून मिळाले आहेत. एक घेऊन दुसरे टाकता येत नाही.

बाबासाहेबांचे स्वतःचे शरीर अखेरच्या दशकात वेदनेचे घर झाले होते. मधुमेह, संधिवात, पायांतल्या नसांचे दुखणे. ते दारूला शिवले नाहीत. पण ते एकटेही नव्हते. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या, पथ्य-पाणी आणि औषध त्या पाहत. नानकचंद रत्तू रात्र-रात्र बसून हस्तलिखिते टंकित करत. समोर बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ पूर्ण करण्याचे काम होते. औषध, काळजी घेणारे माणूस आणि जगण्याला अर्थ देणारे काम या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणून त्या शरीराने १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा पार पाडली.

आपल्या किती माणसांना या तिन्ही गोष्टी मिळतात? गटारात उतरणारा सफाई कामगार आधी दारू का पितो, हे घाणीचा वास न घेणाऱ्यांनी त्याला विचारू नये. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या हजारो बायांची गर्भाशये काढली गेली, हे २०१९ साली राज्यासमोर आले. शस्त्रक्रियेनंतर मोळी उचलणाऱ्या त्या बायांच्या कंबरदुखीची नोंद कोणत्या दवाखान्यात आहे? दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली गोळी हाच त्यांचा उपचार. दुसरीकडे मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकवणारा आपला देश कर्करोगाच्या गरीब रुग्णाला मॉर्फिन देऊ शकत नव्हता. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याच्या जाचक परवान्यांमुळे दवाखान्यांनी ते ठेवणेच बंद केले. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला, पण तालुक्याच्या दवाखान्यात वेदनेवर उपचार करणारा माणूस अजूनही सापडत नाही. फ्रिडाला औषध जास्त मिळाले, आपल्याकडे ते मिळतच नाही. शास्त्रशुद्ध देखरेख दोन्हीकडे नाही.

म्हणून चळवळीने तीन गोष्टी हाती घ्याव्यात. जिल्हा आणि तालुका रुग्णालयांत वेदना-उपचार, व्यसनमुक्ती आणि मानसोपचार एकाच ठिकाणी मिळावेत, ही मागणी आरक्षण आणि शिष्यवृत्तीच्या मागणीइतक्याच जोरात व्हावी. बुद्धविहारात आठवड्यातून एक संध्याकाळ अशा माणसांसाठी ठेवावी, जिथे दुखणे आणि व्यसन दोन्ही न लाजता सांगता येईल आणि डॉक्टर-परिचारिका असलेली आपलीच मुले-मुली ते ऐकतील. आणि व्यसनात सापडलेल्या माणसाला वस्तीतून, विहारातून हाकलणे बंद व्हावे. त्याच्या बायको-मुलांना मारहाणीपासून संरक्षण आधी द्यावे, त्यात कुचराई नको. त्यानंतर त्याला उपचाराच्या दारापर्यंत हात धरून न्यावे.

फ्रिडाच्या निळ्या घराचे १९५८ साली संग्रहालय झाले. तिचे कॉर्सेट, औषधे आणि कृत्रिम पाय ज्या खोलीत कुलूपबंद होते, ती खोली २००४ साली उघडली गेली. पन्नास वर्षे जगाने फक्त फुले पाहिली होती. आपल्या घरांतल्या अशा बंद खोल्या उघडायला आपण पन्नास वर्षे लावू नयेत. घरात कुणी रात्री कण्हत असेल, कुणी गोळ्यांची पाकिटे लपवत असेल, तर आज त्याच्या जवळ बसावे आणि कुठे दुखते ते विचारावे. शीलाचा उपदेश त्यानंतर केला तरी चालेल.